पुणे–सासवड वाटचाल

पंढरपूरच्या आषाढी वारीत श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याची पुणे शहर ते सासवड (ता. पुरंदर) ही एका दिवसाची मजल. अंतर सु. ३० ते ३२ किमी. आळंदी ते पंढरपूर ह्या सु. २५० किमी.च्या मार्गावरील ही सर्वांत लांब व सर्वांत कष्टाची मजल मानली जाते. पालखीचे आळंदीहून प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीस होते. नवमीस ती पुण्यास पोहोचते, तेथे तिचे दोन मुक्काम होतात आणि सामान्यतः एकादशीस ती सासवडकडे निघते. ज्येष्ठ वद्य एकादशी म्हणजे योगिनी एकादशी. ह्याचा अर्थ असा, की वारीतील सर्वांत मोठी चाल व वाटेतील पहिला मोठा चढ ही दोन्ही उपवासाच्या दिवशी येतात. वारकऱ्यांस ह्यात विसंगती वाटत नाही. ज्याला एकादशी चुकवावयाची नाही आणि मजलही सोडावयाची नाही, असा मनुष्यच वारकरी, हे संप्रदायात गृहीत आहे.

वारीची प्रथा ज्ञानेश्वरांच्याही आधीची आहे, असे संप्रदायातील परंपरा व अभ्यासक दोघेही मानतात. परंतु संतांच्या पादुका पालखीत घालून समुदायाने पंढरीस जाण्याची पद्धत मात्र त्या मानाने अलीकडची आहे. तुकाराम महाराजांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबा यांनी १६८५ च्या सुमारास देहूहून तुकोबांच्या पादुका घेऊन आळंदीस यावे व तेथून ज्ञानेश्वरांच्या पादुकांसह पुढे पंढरपुरास जावे, असा क्रम घालून दिला. सु. दीड शतक ही संयुक्त पालखी चालू होती. पुढे तुकोबांच्या वंशजांत हक्कांविषयी वाद निर्माण झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या आरंभी (सामान्यतः १८३२ हे वर्ष दिले जाते) हैबतराव बाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वरांची पालखी आळंदीहून स्वतंत्रपणे नेण्यास प्रारंभ केला. हैबतबाबा मूळचे सातारा जिल्ह्यातील आरफळचे. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. सातपुड्यात भिल्लांच्या कैदेत सापडले असता अखंड हरिपाठ करून ते सुटले व त्यानंतर त्यांनी उरलेले आयुष्य आळंदीस वाहिले, अशी कथा सांगितली जाते. कथेचा भाग बाजूस ठेवला, तरी ते लष्करी वातावरणात वावरलेले गृहस्थ होते ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्यांनी ह्या सोहळ्यास जी शिस्त लावली तीत लष्करी तळाच्या व्यवस्थेची छाया स्पष्ट दिसते. कर्णा वाजल्यावर उठणे, दुसऱ्या कर्ण्यास सज्ज होणे, तिसऱ्यास चालू लागणे, नेमून दिलेले स्थान, चोपदारांचा दंड, तंबू, घोडे आणि तळ हे सारे छावणीच्या परिचयाचे आहे. बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांनी ह्या कामी घोडे व तंबू पुरविले. त्यांचे अश्व आजही दरवर्षी अंकलीहून आळंदीपर्यंत चालत येतात. दोहोंपैकी एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसरा मोकळा चालतो, कारण त्यावर स्वतः ज्ञानेश्वर आरूढ असतात अशी श्रद्धा आहे.

हैबतबाबांच्या व्यवस्थेत आज्ञा देणारा सेनापती मात्र नाही. एकोणिसाव्या शतकात राजसत्ता बदलली, तरी हा समुदाय कोणाच्या हुकमाने नव्हे, तर परस्परांच्या संमतीने चालत राहिला. ह्या संमतीची खरी कसोटी पुणे–सासवड मजलीत लागते. दिवस मोठा, वाट गर्दीची, पोटात अन्न नाही आणि शेवटी घाट. अशा स्थितीत क्रम मोडणे सोपे असते. तो मोडत नाही, हेच ह्या दिवसाचे वैशिष्ट्य होय.

पुण्यातील मुक्काम : पुण्यास ज्ञानेश्वरांची पालखी भवानी पेठेतील विठ्ठलमंदिरात व तुकोबांची नाना पेठेतील निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात उतरते. भवानी पेठेतील मंदिराला ‘पालखी विठोबा’ हे नावच ह्या मुक्कामावरून पडले. मंदिरात प्रत्यक्ष उतरणारे थोडे असतात. बाकीचा समुदाय शाळा, वाडे, मंगल कार्यालये, धर्मशाळा, कारखान्यांचे आवार आणि ओळखीपाळखीची घरे यांत विखुरतो. एकाच दिंडीचा मुक्काम त्याच वाड्यात तीन तीन पिढ्या चालत आल्याची उदाहरणे जुन्या पेठांत आढळतात. वाडा पाडून तेथे इमारत उभी राहिली, तर दिंडी त्या इमारतीच्या वाहनतळावर उतरते, पण पत्ता बदलत नाही. ह्या दोन दिवसांत शहरातील अनेक चर्मकार चपला शिवून देतात, नाभिक दाढी-हजामत करतात, वैद्यकीय पथके पाय तपासतात आणि हे सर्व बहुधा विनामूल्य असते. पूर्वी ह्या काळात शासनाची मुख्य चिंता पटकीची असे. वारीतून साथ पसरू नये म्हणून विसाव्या शतकात वारकऱ्यांस पटकीप्रतिबंधक लस टोचण्याच्या मोहिमा चालविल्या गेल्या. पटकीचे भय ओसरले, तरी लाखांच्या समुदायास लागणारे पाणी व शौचालये हा प्रश्न दीर्घकाळ तसाच राहिला होता. फिरती स्वच्छतागृहे मुक्कामाच्या ठिकाणी मोठ्या संख्येने दिसू लागली ती गेल्या दशकभरात. ह्या उणिवेचा सर्वाधिक त्रास स्त्रियांना होत असे आणि वारीवरील जुन्या लेखनात त्याचा उल्लेख फारच क्वचित सापडतो.

पहाटेची निघण्याची व्यवस्था : एकादशीच्या दिवशी दिंड्यांत काकडा पहाटेच होतो. स्नानासाठी मध्यरात्रीनंतरच रांगा लागतात. सामान बांधून मालमोटारींत चढविले जाते. प्रत्येक दिंडीची मालमोटार व पाण्याची टाकी पुढे निघून जाते, कारण सासवडच्या तळावर दिंडी पोहोचण्याआधी राहुट्या उभ्या राहिल्या पाहिजेत. मालमोटारी येण्यापूर्वी हे काम बैलगाड्या करीत आणि त्यांना घाट चढावयास लागणारा वेळ धरून गाडीवानांना आदल्या रात्रीच निघावे लागे. दिंडीचा खर्च भिशीतून चालतो. भिशी म्हणजे दिंडीत सामील होणाऱ्याने अन्न, वाहतूक व निवारा यांसाठी आधी भरावयाची ठराविक रक्कम. भिशी भरलेला शेतकरी आणि भिशी न भरता वाटेतील अन्नदानावर विसंबून चालणारा मोकळा वारकरी हे वारीतील दोन वेगळे वर्ग होत.

रथाच्या पुढे सत्तावीस व मागे वीस दिंड्या अशी जुनी व्यवस्था होती. पुढच्या सत्तावीस आजही तशाच मोजल्या जातात. मागील दिंड्यांची संख्या वाढत वाढत कित्येक शेकड्यांवर गेली आहे. दिंडीत आघाडीस पताकाधारी, त्यामागे ओळींनी टाळकरी, त्यांच्यामध्ये मृदंगी व वीणेकरी आणि मागे डोईवर तुळशीवृंदावन किंवा पाण्याचा हंडा घेतलेल्या स्त्रिया, असा क्रम असतो. वीणा ज्याच्या गळ्यात तो दिंडीचा केंद्रबिंदू. वाटचालीत कोणते अभंग केव्हा म्हणावयाचे हे ठरलेले आहे. सकाळचे मंगलाचरण व भूपाळ्या, त्यानंतर वाराप्रमाणे येणारे अभंग, गौळणी आणि सायंकाळी हरिपाठ असा हा क्रम चालतो. घड्याळ न पाहता, कोणते भजन चालू आहे ह्यावरून दिवस किती चढला हे जुना टाळकरी सांगू शकतो. ‘वाटचाल’ हा शब्द संप्रदायात केवळ चालण्यास नव्हे, तर अशा क्रमबद्ध भजनासह चालण्यास वापरला जातो. ह्या अर्थाने पुणे–सासवड अंतर मोटारीने, सायकलीने वा एकट्याने पायीही कापता येईल, परंतु ती वाटचाल होणार नाही.

शिंदे छत्री ते हडपसर : पालखी पुलगेटमार्गे शहराच्या जुन्या सीमेबाहेर पडते. पहिला विसावा वानवडीस महादजी शिंदे यांच्या छत्रीपाशी होतो. महादजींचे निधन १७९४ मध्ये वानवडीच्या छावणीत झाले. सोहळ्याचे प्रवर्तक हैबतबाबा शिंद्यांच्याच चाकरीतून आळंदीस आलेले असल्याने हा विसावा केवळ सोयीचा नसावा असे वाटते. येथून हडपसरपर्यंत वाट सोलापूर रस्त्याने जाते. एकेकाळी हडपसर हे कालव्याच्या पाण्यावर भाजीपाला पिकविणारे गाव होते. पालखी त्याच्या मळ्यांच्या कडेने जाई. आज हा सारा भाग शहराच्या पोटात गेला असून वारकऱ्यास उघडे शेत दिसण्यास दुपार उजाडते. पुण्यातून निघून पुण्याबाहेर पडण्यासच अर्धा दिवस लागावा, ही स्थिती गेल्या पन्नास-साठ वर्षांतील होय.

हडपसर येथे सोलापूरकडे व सासवडकडे जाणारे रस्ते फुटतात आणि तेथेच दोन्ही पालख्यांचे मार्ग वेगळे होतात. तुकोबांची पालखी सरळ पुढे जाऊन त्या रात्री लोणी काळभोरास मुक्काम करते व यवत, बारामती, इंदापूर, अकलूज ह्या वाटेने जाते. ज्ञानेश्वरांची पालखी उजवीकडे वळून जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस ह्या वाटेला लागते. त्या पुन्हा एकमेकींजवळ येतात त्या पंढरपूरनजीक वाखरीस, म्हणजे जवळजवळ दोन आठवड्यांनी. एकेकाळी ज्या दोन संतांच्या पादुका एकत्र निघत, त्या आता शेजारच्या दोन पेठांत दोन रात्री राहून एका नाक्यावर वेगळ्या होतात. ज्याच्या मुखी दिवसभर ‘ज्ञानोबा-तुकाराम’ हा एकच जोडघोष असतो, त्यास येथे कोणत्या तरी एकाच्या मागे जावे लागते. घराण्यांतील वादातून सुरू झालेली ही विभागणी आज भाविकांच्या मनात विभागणी म्हणून उरलेली नाही. बहुतेकांस तिचा इतिहासही ठाऊक नसतो. आपला गाव, आपला फड आणि वडिलांची दिंडी ज्या वाटेची ती आपली वाट, एवढेच त्यांस माहीत असते.

हडपसरनंतर उरुळी देवाची येते. ह्याच परिसरात पुणे शहराचा कचरा अनेक वर्षे टाकला जात होता व त्याविरुद्ध फुरसुंगी आणि उरुळी ह्या गावांनी वारंवार आंदोलने केली. वाऱ्याची दिशा तशी असली, म्हणजे भजनात असलेल्या दिंड्यांनाही त्याची आठवण होत असे. वाटेच्या दोन्ही बाजूंस उपवासाच्या पदार्थांची पंगत असते. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याचे लाडू, राजगिरा, केळी आणि चहा हे पदार्थ संस्था, तालमी, दुकानदार व व्यक्ती मुक्तहस्ताने वाटतात. वारकरी ते नाकारीत नाही, कारण त्याच्या दृष्टीने देणाऱ्याचीही ती वारीच असते.

दिवे घाट : वडकी नाल्याच्या विसाव्यानंतर घाटाचा पायथा लागतो. जवळच, पहिल्या बाजीरावाच्या काळाशी ज्याचा संबंध जोडला जातो, तो मस्तानी तलाव आहे. दिवे घाट सिंहगडापासून पूर्वेस भुलेश्वराकडे जाणाऱ्या डोंगररांगेत असून तो मुळा-मुठेचे खोरे आणि कऱ्हेचे खोरे यांस जोडतो. सु. ४ किमी.च्या नागमोडी रस्त्याने सु. २०० मी. चढून गेल्यावर पुरंदरचे पठार लागते. पुण्याहून सासवडला जाण्यास कोंढव्यावरून बापदेव घाटाची वाट अंतराने जवळची आहे. परंतु ती अधिक उभ्या चढाची असून पालखी तिने जात नाही. रथ, घोडे आणि मोठा समुदाय यांस दिवे घाटाचा पसरट चढ सोईचा आहे, हे पाहताक्षणी पटते.

रथास बैलजोडी जोडण्याचा मान आळंदीतील घराण्यांकडे असतो. घाटात मात्र एका जोडीने भागत नाही. पायथ्याच्या व माथ्याच्या गावांतील शेतकरी आपले बैल आणून मूळ जोडीच्या पुढे जुंपतात आणि चार-पाच जोड्या रथ ओढू लागतात. आपल्या बैलांनी माउलींचा रथ घाट चढविला, हे सांगणे त्या घराचे वर्षभराचे भूषण असते. चढावर टाळकऱ्यांच्या ओळी थोड्या सैल होतात, वृद्ध माणसे कठड्यावर टेकतात. पण भजन थांबत नाही आणि पुढच्या दिंडीला मागची दिंडी ओलांडीत नाही. वरच्या वळणावरून खाली पाहिले असता पांढरी टोपी, भगवी पताका आणि रंगीत लुगडी यांचा पट्टा पायथ्यापर्यंत पसरलेला दिसतो. छायाचित्रांमुळे हे दृश्य इतके परिचित झाले आहे, की वारी म्हणताच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे दिवे घाटच उभा राहतो. माथ्यावर मोक्याच्या जागी पहाटेपासून बसून राहणाऱ्या छायाचित्रकारांची संख्याही आता एखाद्या लहान दिंडीएवढी झाली आहे.

घाट हा पर्जन्याच्याही सीमेवर आहे. त्याच्या पलीकडचा पुरंदर तालुका पर्जन्यछायेत येतो. अधिक मासामुळे ही मजल इंग्रजी पंचांगाप्रमाणे जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत केव्हाही येऊ शकते. साहजिकच कधी ती चिंब पावसात, तर कधी कोरड्या उन्हात पार पडते. २०२३ मध्ये ती १४ जून रोजी आली आणि त्या वर्षी मोसमी पाऊस पुण्यास पोहोचावयास त्यानंतर दहा-अकरा दिवस लागले. चालणाऱ्यांत शेतकऱ्यांचा भरणा मोठा असतो. पेरणी उरकून निघालेला आणि पेरणी खोळंबलेली ठेवून निघालेला, असे दोघेही ह्या गर्दीत असतात. दोघांचे लक्ष आभाळाकडे असते, परंतु कारणे वेगवेगळी असतात.

आणखी एक संकट रस्त्याचेच आहे. दिवे घाट हा वर्षातील एक दिवस पालखीचा व उरलेले सर्व दिवस वाहनांचा मार्ग आहे. पालखीच्या दिवशी वाहतूक दुसरीकडे वळविली जाते. परंतु पायी जाणाऱ्या इतर दिंड्यांना हे संरक्षण मिळतेच असे नाही. १९ नोव्हेंबर २०१९ रोजी कार्तिकी वारीसाठी पंढरपूरहून आळंदीस निघालेली संत नामदेव महाराजांची दिंडी हा घाट उतरत असता माती उपसण्याचे एक यंत्रवाहन तीत घुसले. दोन वारकरी मरण पावले. त्यांपैकी एक नामदेवांच्या वंशातील होते. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी आळंदी–पंढरपूर व देहू–पंढरपूर ह्या दोन्ही पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाचा कोनशिला समारंभ झाला. रस्त्यालगत पायी जाणाऱ्यांसाठी स्वतंत्र पट्टा ठेवण्याचे ह्या योजनेत आहे. तिची आवश्यकता नाकारता येणार नाही. तथापि रुंद रस्त्यासाठी वाटेवरची जुनी वडा-पिंपळांची झाडे तोडली जातात आणि सावली हीच ज्याची मुख्य गरज, त्या पायी चालणाऱ्यास पुढील कित्येक वर्षे उघड्या डांबरावरून जावे लागते. रस्ता पालखीच्या नावाने ओळखला जाणे आणि तो पालखीसाठी असणे ह्या दोन गोष्टी एकच आहेत असे समजण्याचे कारण नाही.

एका दिवसाचे वारकरी : पुणे–सासवड मजल ही शहरवासीयांच्या विशेष परिचयाची आहे, कारण त्यांतील पुष्कळजण वारीचा एवढाच भाग चालतात. ही प्रथा जुनी आहे. शनिवार-रविवारची सुटी साधून किंवा रजा काढून लोक घाट चढून जात व सासवडहून गाडीने परत येत. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात संगणक उद्योगातील तरुण कर्मचाऱ्यांनी आपली दिंडी बांधून आळंदी–पुणे व पुणे–सासवड हे दोन टप्पे चालण्याचा उपक्रम सुरू केला. सांप्रदायिक दृष्टीने वारकरी म्हणजे गळ्यात तुळशीची माळ घातलेला, एकादशीचे व्रत पाळणारा आणि नेमाने वारी करणारा. एक दिवस चालणारा ह्या व्याख्येत बसत नाही. पण दिंड्या त्याला अडवीत नाहीत. त्याने टाळ घेतला, तर ओळीत जागा मिळते. न घेतला, तर कडेने चालता येते. त्याच्याविषयीची सौम्य थट्टा मात्र दिंडीत ऐकू येते आणि ती अगदीच निराधार नसते.

ह्या प्रश्नाची अधिक गंभीर बाजू मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी दाखविली. त्या स्वतः एका दिंडीबरोबर चालल्या आणि ‘वाटचाल’ हा लेख त्यांनी लिहिला. तो परिपूर्ती (१९४९) ह्या संग्रहात आहे. दिनकर धोंडो कर्वे यांनी केलेले त्याचे इंग्रजी रूपांतर १९६२ मध्ये अमेरिकेतील एका विद्वत्पत्रिकेत आल्यामुळे जगभरच्या अभ्यासकांस वारीची ओळख त्या लेखावरून झाली. रस्त्यावर एकच अभंग एका सुरात म्हणणारी ब्राह्मण व मराठा माणसे मुक्कामावर वेगळी जेवतात आणि त्यांच्या पंक्ती एक व्हाव्यात ही खटपट यशस्वी होत नाही, हा अनुभव त्यांनी मनाला लागलेल्या खंतीसह नोंदविला. हा काळ लक्षात घेण्यासारखा आहे. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांस खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले होते. ज्या देवाकडे सर्व मिळून चालत जात, त्याच्या दारातून सर्वांस आत जाता येत नव्हते, हे तोवरच्या वारीचे वास्तव होते. चालण्याने समता आपोआप येते हा समज अजूनही प्रचलित आहे. कर्वे यांच्या लेखाने त्याला दिलेले उत्तर आजही वाचण्यासारखे आहे.

फ्रेंच जेझुइट अभ्यासक गी द्‌लरी यांनीही पालखीबरोबर चालून विठ्ठल संप्रदायावरील आपला ग्रंथ (१९६०) सिद्ध केला. दि. बा. मोकाशी १९६१ मध्ये ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर गेले व पालखी (१९६४) हे त्यांचे पुस्तक त्यातून निर्माण झाले. त्याच वर्षी, पालखी पुणे सोडून पुढे गेली असता, १२ जुलै रोजी पानशेतचे धरण फुटले आणि ज्या नदीकाठच्या पेठांनी काही दिवसांपूर्वी पालख्यांचे स्वागत केले होते, त्यांतील कित्येक घरे वाहून गेली.

यात्रेची पायी वाट ही कल्पना अनेक धर्मांत आहे. स्पेनमधील सांतिआगो दे कोंपोस्तेलाच्या वाटेवर यात्रिक आपापल्या गतीने, बहुधा एकट्याने, संताच्या समाधीकडे जातात. जपानमधील शिकोकू बेटाच्या अठ्ठ्याऐंशी मंदिरांच्या प्रदक्षिणेत कोबो दाइशी हे संत यात्रिकाबरोबर अदृश्य रूपाने चालतात अशी श्रद्धा आहे. वारीत तेच नाते उघडपणे मांडलेले आहे. संत स्वतः पादुकारूपाने पालखीत बसून देवाच्या भेटीस निघालेला असतो. बाकीचे त्याचे सांगाती. म्हणूनच येथे कोणी आपली गती ठरवीत नाही. रथ थांबला की सारे थांबतात.

पालखीची ही पायी वाट अलीकडे दोन वर्षे रिकामी राहिली. कोविड साथीमुळे २०२० व २०२१ मध्ये मोजक्या लोकांच्या उपस्थितीत आळंदीस प्रस्थान झाले, पादुका तेथेच राहिल्या आणि आषाढी एकादशीच्या तोंडावर (२०२० मध्ये ३० जून, २०२१ मध्ये १९ जुलै) त्या राज्य परिवहनाच्या बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. पुढील वर्षी, २४ जून २०२२ रोजी, पालखी पुन्हा घाट चढली.

सासवडचे आगमन : घाटमाथ्यावर झेंडेवाडीचा विसावा होतो. येथून सासवडपर्यंतची वाट सौम्य उताराची व सरळ आहे, पण थकलेल्या पायांना तीच लांब वाटते. हरिपाठाचे अभंग ह्या टप्प्यात चालू असतात. कऱ्हाकाठचे सासवड हे पेशवाईच्या आरंभकाळाशी निगडित गाव असून पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे १७२० मध्ये येथेच निधन झाले. वारकऱ्यांस मात्र ते सोपानदेवांचे सासवड म्हणून ठाऊक आहे. ज्ञानेश्वरांचे हे धाकटे बंधू येथे शके १२१८ मध्ये (१२९६), थोरल्या भावाच्या पाठोपाठ महिनाभरात, समाधिस्थ झाले. त्यामुळे ह्या मजलीला भावाने भावाच्या घरी जाण्याचा अर्थ आहे आणि संध्याकाळी वेशीवर जमलेले गावकरी त्याच भावनेने पालखीस सामोरे जातात.

पालखी रथातून उतरवून खांद्यावर तळाच्या मध्यभागी आणली, की दिंड्या सभोवार रिंगण धरून उभ्या राहतात आणि टाळ-मृदंगांचा कल्लोळ चालू असतो. चोपदार आपला दंड वर करतो व क्षणात तळ शांत होतो. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल (क्रम मोडला, पाणी मिळाले नाही, जागा दुसऱ्यांनी घेतली), तर ती दिंडी एकटीच टाळ वाजवीत राहते. चोपदार तेथे जातो, तक्रार ऐकून घेतो, तिचा निवाडा होतो किंवा आश्वासन दिले जाते आणि मगच ते टाळ थांबतात. शेवटचा टाळ थांबल्याखेरीज आरती होत नाही. हैबतबाबांच्या शिस्तीत बळाचा वापर कोठेही करावा लागत नाही, याचे रहस्य ह्या पद्धतीत असावे. त्यानंतर दिवसभरात सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. छत्री, पिशवी, चष्मा, पैशांचा बटवा, हरवलेला सोबती. दुसऱ्या दिवशीच्या निघण्याच्या वेळा सांगितल्या जातात आणि समाजआरती होते.

सासवडलाही पालखीचे दोन मुक्काम असतात. द्वादशीच्या सकाळी राहुट्यांतून पारणे सुटते. त्याच दिवशी सोपानदेवांची पालखी आपल्या वेगळ्या वाटेने पंढरपूरकडे प्रस्थान ठेवते, आणि ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर आलेले वारकरी, पायांचे फोड बांधून, तिला निरोप देण्यास वेशीपर्यंत जातात.